जिभाऊंना उत्तर: वशिला, शिफारसपत्र आणि पाच वर्षांचा बेत

जिभाऊ,

टेन्युअर-ट्रॅकच्या (म्हणजे काही वर्षांच्या कसोटीनंतर कायम होणाऱ्या प्राध्यापकपदाच्या, अमेरिकी पद्धतीच्या) अर्जावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. तिथल्या तिथे चार ओळी टाकता आल्या असत्या, पण तुमच्या बाजूने इतके जण बोललेत की वेगळं लिहिणंच बरं वाटलं.

नव्याने येणाऱ्यांसाठी आधी तुमचं म्हणणं सांगते. तुम्ही वनस्पतिशास्त्रात पीएचडी. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवताय, आधी शहाद्याकडे, आता धरणगाव-एरंडोल पट्ट्यात. तुम्ही लिहिलंत: "ताई, तुम्ही कागद सजवायला शिकवताय. नोकरी कागदावर मिळत नाही, गाईडच्या नावावर मिळते. आपल्याकडे त्याला वशिला म्हणतात, तिकडे शिफारसपत्र. ज्याला पुढच्या जूनमध्ये तास मिळतील की नाही हेच माहीत नाही, त्याने पाच वर्षांचा संशोधनाचा बेत कुठल्या तोंडाने लिहायचा? आणि खान्देशातल्या पोराने अर्जात खान्देश दाखवायचा की झाकायचा, ते तर तुम्ही सांगितलंच नाही."

वशिल्यापासून सुरुवात करते, कारण त्यातलं निम्मं खरं आहे आणि आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेतल्या पीएचडी देणाऱ्या विद्यापीठांमधल्या प्राध्यापकांच्या २०११ ते २०२० या काळातल्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२२ साली 'नेचर'मध्ये आला. अमेरिकेतच पीएचडी केलेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के लोक फक्त २०.४ टक्के विद्यापीठांमधून आलेले निघाले. बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि स्टॅनफर्ड या पाचच ठिकाणांहून आठातल्या एकापेक्षा किंचित जास्त. तेव्हा तिकडे सगळं गुणवत्तेवर चालतं असं म्हणणाऱ्याला हे आकडे खुशाल दाखवा.

पण नाव एवढंच करतं की तुमचा अर्ज कुणीतरी नीट उघडून बघतं. पुढचं काम आतल्या मजकुराला करावं लागतं. तिकडच्या आमच्या विभागाच्या एका निवड समितीत मी धाकटी सदस्य म्हणून बसले होते. एका जागेसाठी शंभराच्या वर अर्ज येणं तिथे नेहमीचंच, त्यामुळे पहिल्या फेरीत प्रत्येक अर्जाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. त्या मिनिटांत मोठ्या नावांचे किती अर्ज बाजूला पडतात ते मी पाहिलं. कारण बहुतेक वेळा एकच असतं: हा माणूस गाईडचंच काम पुढे ओढणार, याचा स्वतःचा प्रश्न दिसत नाही.

आता आपल्याकडचा वशिला. जिल्ह्यातल्या एका संस्थेत मीही मुलाखत दिली आहे, नाव घेत नाही. माझ्या प्रबंधावर एकही प्रश्न आला नाही. जागा कुणाची आहे हे बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि आम्ही एकमेकांना चहा पाजत बसलो होतो. तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं, मुलाखत ही फक्त सही. शिफारसपत्रात तसं नसतं. पत्र लिहिणारा स्वतःची पत पणाला लावतो. या वर्षी त्याने सुमार माणसाला अव्वल म्हटलं, तर पुढच्या वर्षी त्याच्या पत्राला कुणी किंमत देत नाही. त्याच्या ओळखीपाळखी त्यात असतातच, मागून फोनही होतात. तरी पत्रात लिहिलेल्या गोष्टी उमेदवाराला मुलाखतीत फळ्यासमोर उभं राहून निस्तराव्या लागतात.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्दही नाही. आपल्याकडची पत्रंच पत्रं नसतात. 'सदर उमेदवार कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' हा शाळा सोडल्याचा दाखला झाला! अमेरिकन समितीला 'आज्ञाधारक' वाचून शंकाच येते, कारण त्यांना प्रयोगशाळा चालवणारा माणूस हवा असतो. त्यांच्याकडच्या चांगल्या पत्रात काय असतं? प्रकल्प अडला होता तो कुठे, उमेदवाराने तो कसा सोडवला, त्यातली कोणती कल्पना त्याची स्वतःची, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत माझ्याकडे आलेल्या लोकांत तो कितवा. ही शेवटची तुलना फार बघितली जाते. ती नसली तर वाचणारा मनात म्हणतो, लिहिणाऱ्याने मुद्दाम टाळली.

दुसरा प्रकार तुम्ही नक्की अनुभवला असेल. "तूच लिहून आण, मी सही करतो." सर प्रेमाने म्हणतात, वेळ नसतो म्हणून म्हणतात. पण अर्जाला तीन ते पाच पत्रं लागतात. ती सगळी एकाच माणसाने लिहिलेली असली की दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदातच वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. मी आपल्याकडच्या मुलांना असं सांगते: पत्र लिहून नेऊ नका, टिपण न्या. एक पान. मी आपल्याकडे अमुक काळ होतो, अमुक प्रयोग बसत नव्हता, मी अमुक बदल केला, त्यातून हा पेपर आला, आता मला स्वतंत्रपणे हे करायचं आहे. सरांना 'हे लिहा' असं सांगणं आपल्या वळणात उद्धटपणाचं वाटतं, मान्य. "सर, आपला वेळ वाचावा म्हणून मुद्दे काढून आणलेत" असं म्हटलं की कुणालाच राग येत नाही. उलट बऱ्याच सरांना तेव्हा कळतं की आपल्या विद्यार्थ्याने नेमकं काय केलं होतं.

आणि एक तरी पत्र गाईडच्या बाहेरचं हवं. ते ओळखीने मिळत नाही असं मी म्हणणार नाही, पण ती ओळख कामातून करता येते. एखाद्याच्या पेपरातल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न विचारणारी ईमेल. 'आदरणीय महोदय, मी आपल्या कार्याने प्रभावित झालो आहे' अशी नव्हे. तशा रोज येतात आणि रोज खोडल्या जातात. 'आपल्या तिसऱ्या आकृतीत विषाणू फक्त कोवळ्या पानांत दिसतो, आमच्या नमुन्यांत तो जुन्या पानांतही सापडला, याचं कारण काय असावं' अशी. याला उत्तर येतं. पुढे नमुन्यांची देवाणघेवाण, मग एखादं एकत्र काम, मग पत्र. याला दोन-तीन वर्षं जातात. जाहिरात आल्यावर सुरू करायचं हे काम नाही.

सीव्हीचं थोडक्यात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१० च्या नियमावलीत एपीआय, म्हणजे प्राध्यापकाच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली, तेव्हापासून आपल्याकडचा सीव्ही गुण गोळा करण्यासाठी लिहिला जातो. परिसंवादात उपस्थिती, उजळणी वर्ग, प्रमाणपत्रं, पैसे भरून छापलेले पेपर. टेन्युअर-ट्रॅकच्या अर्जात यातलं बहुतेक काढून टाका. चाळीस पेपरांच्या यादीत चार चांगले असतील तर वाचणाऱ्याला उरलेले छत्तीस आधी दिसतात. यूजीसीने मान्य संशोधन-नियतकालिकांची केअर यादीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, तेव्हा 'यादीतलं नियतकालिक' हा आधारही गेला.

आता पाच वर्षांचा बेत. इथे तुमचा राग मला समजतो. महाराष्ट्रात २०१७ च्या मे महिन्यात प्राध्यापक भरती थांबली आणि त्यानंतर जे थोडंफार सुटलं ते तुकड्यातुकड्यांनी. तासाच्या हिशेबाने पैसे मिळणाऱ्या आणि दरवर्षी नव्याने नेमणूक घ्यावी लागणाऱ्या माणसाला 'पुढची पाच वर्षं' हे शब्दच टोचणार. तरी त्या कागदातली पाच वर्षं ही तुमच्या पोटापाण्याची नव्हेत, प्रश्नाची असतात. सहायक प्राध्यापकाला तिथे साधारण सहाव्या वर्षी छाननीला सामोरं जावं लागतं. टिकला तर कायम, नाही तर बहुधा आणखी एक वर्ष देऊन निरोप. त्या मुदतीत त्याने प्रयोगशाळा उभी करायची, अनुदान आणायचं, स्वतःचं नाव कशाशी तरी जोडून दाखवायचं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचं 'करिअर' अनुदान घ्या: पाच वर्षांचं, बहुतेक विभागांत किमान चार लाख डॉलरचं, आणि त्याला नागरिकत्वाची अट नाही. संशोधन-निवेदन, म्हणजे हाच पाच वर्षांचा बेत, वाचताना समिती मनात हेच विचारत असते की या दोन-तीन पानांतून असं एखादं अनुदान उभं राहील का.

उदाहरण आपल्याच बांधावरचं घेते, तुमचा विषयही जवळचा आहे. रावेर-यावलकडे पावसाळ्यात केळीवर हरण्या येतो. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडतो, झाड उपटून बाहेर टाकावं लागतं. रोग काकडीवरच्या मोझॅक विषाणूचा, पसरवतो मावा. आपल्याकडचा अर्जदार यावर लिहायला बसला की पहिली दोन पानं शेतकऱ्याच्या नुकसानीवर जातात. नुकसान खरं आहे. पण त्यातून कुणालाही प्रयोग दिसत नाही.

हेच दुसऱ्या तऱ्हेने मांडून बघा. हा विषाणू हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींवर राहू शकतो. मावा तो सोंडेवर फार थोडा वेळ वाहतो, एका झाडावर टोचून दुसऱ्यावर बसला की काम झालं. म्हणून मावा मारून रोग थांबत नाही. फवारा लागू पडेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. मग मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावरची लागवड) लावली जाते तेव्हा विषाणू येतो कुठून? उन्हाळाभर तो कुठे तग धरतो? शेजारच्या कांदेबागेत (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत), पिलबागेत (कापलेल्या झाडाच्या पिलांवर वाढवलेल्या केळीत), बांधावरच्या तणात की वेलवर्गीय भाज्यांत? रोपं उतिसंवर्धनाची (टिश्यू कल्चरची) असतील तर तिथूनच येतो का? पहिली दोन वर्षं नमुने गोळा करून विषाणूचे वाण वेगळे करायचे. पुढची दोन, कोणता वाण कोणत्या झाडावरून केळीवर जातो ते मावा सोडून तपासायचं. शेवटी, बांधावरची कोणती झाडं काढली तर लागण घटते हे प्रत्यक्ष शेतात बघायचं. आणि पहिला टप्पा फसला, सगळीकडे एकच वाण निघाला, तर काय करायचं हेही लिहायचं. ही फसण्याची ओळ आपले लोक कधीच लिहीत नाहीत, अपशकुन वाटतो की काय कोण जाणे. समिती मात्र ती शोधत असते.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. खान्देश झाकू नका आणि त्याचं रडगाणंही गाऊ नका. आयोवातल्या प्राध्यापकाला यावल माहीत नसतं, आणि त्याचं काही अडत नाही. एकाच शिवारात दोन हंगामांच्या केळीबागा शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि विषाणूला वर्षभर घर मिळतं, एवढं एका वाक्यात सांगितलं की त्याच्या दृष्टीने यावल ही तयार प्रयोगभूमी होते. नंदुरबारकडे धडगाव-अक्कलकुव्यातल्या सिकलसेलवर काम करणाऱ्यालाही मी हेच सांगेन. पदवीचं म्हणाल तर विद्यापीठाचं नाव पदवीवर छापलंय तसं लिहा. २०१८ च्या नामांतराआधीची असेल तर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ', नंतरची असेल तर कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावासकट पूर्ण. समितीला जळगाव नवं असतं, त्यापलीकडे काही नाही. ती शेवटचं काम कुठे आणि कुणाबरोबर केलं ते आधी बघते. माझी एमएस्सी जळगावचीच आहे आणि त्यावरून मला आजवर कुणी काही विचारलं नाही. (आपल्या पुण्यातल्या नातेवाइकांनी सोडून.)

शिकवण्याच्या निवेदनात तुम्ही मला हरवाल. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या, इंग्रजी पाठ्यपुस्तक पहिल्यांदाच हातात घेतलेल्या मुलांना पेशीविभाजन समजावणं हा अनुभव विकत मिळत नाही. तो तसाच लिहा: काय अडलं, तुम्ही काय बदललं, परीक्षेत फरक कुठे दिसला. मात्र फसवत नाही, संशोधनप्रधान विद्यापीठात हा कागद दुसऱ्या क्रमांकावर वाचला जातो. पदवी अभ्यासक्रमावर भर असलेल्या लहान कॉलेजांत तो पहिला वाचतात.

फळ्यापुढच्या चर्चेबद्दल मूळ लेखात एकच ओळ होती, ती वाढवते. झूमवरच्या पहिल्या फेरीतून निवडलेल्या थोड्या उमेदवारांना विद्यापीठ दोन दिवसांसाठी बोलावतं. एक व्याख्यान सगळ्यांसाठी खुलं असतं. दुसरी बैठक बंद दाराआड, आणि बऱ्याच विभागांत तिथे स्लाइड चालत नाहीत; फळा, खडू आणि तुमचा पाच वर्षांचा बेत. लोक तिसऱ्या वाक्याला अडवतात. आपल्याकडची मौखिक परीक्षा आठवा. बाहेरचे परीक्षक येतात, दोन सौम्य प्रश्न होतात, मग शाल, श्रीफळ आणि कचोरी. त्या सवयीचा माणूस फळ्यापुढे अडवल्यावर समजतो की आपला अपमान चाललाय आणि गप्प होतो. अडवणं हे तिथे रस घेतल्याचं लक्षण असतं. याची तालीम करता येते. अमळनेर असो की शिरपूर, चार मित्र जमवा, हातात खडू घ्या आणि त्यांना सांगा की मला एकही वाक्य पुरं करू देऊ नका. त्यांनी तुमच्या विषयातलं असण्याचीही गरज नाही, "मग काय झालं?" एवढं विचारत राहिले तरी पुरे.

आता तुमच्याविषयी स्पष्ट बोलते. तासिकेवरून थेट टेन्युअर-ट्रॅकवर उडी बसत नाही; जीवशास्त्रात मधे पोस्टडॉक (पीएचडीनंतर एखाद्या प्रयोगशाळेत केलेलं मुदतीचं संशोधन) लागतोच. तिकडच्या जाहिरातीत वयाची मर्यादा नसते, चाळिशीपुढच्यांना वयावरून डावलण्याविरुद्ध तिथे १९६७ पासून कायदा आहे. पण पीएचडीला किती वर्षं झाली हे मोजलं जातं. जर्मनीची हम्बोल्ट पोस्टडॉक फेलोशिप पीएचडीनंतर चार वर्षांपर्यंतच आहे, युरोपची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप आठ वर्षांपर्यंतच्या अनुभवाला चालते. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड वनला पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात. तो कमी असेल तर ग्रेड टू, कंत्राटावर. तुमची पीएचडी कधीची हे तुम्ही लिहिलं नाहीत. पाच-सहा वर्षांच्या आतली असेल तर मारी क्युरीचा अर्ज उद्याच बघायला घ्या. त्याहून जुनी असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी अरुंद आहे, आणि एखाद्या प्रयोगशाळेत प्रकल्प शास्त्रज्ञ म्हणून शिरणं जास्त शक्यतेचं. तुमच्या एमएस्सीच्या मुलांसाठी मात्र तो पुरता उघडा आहे. त्यांना 'तिकडे पण वशिलाच चालतो' असं सांगू नका. ती तुमचं ऐकतात.

अमेरिकेचं वारं बदललंय हेही तुम्ही लिहिलंत, ते बरोबर. २०२५ मध्ये अनेक विद्यापीठांनी भरती थांबवली. त्याच वर्षी सप्टेंबरात देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. या व्हिसाच्या वार्षिक कोट्यातून विद्यापीठांना सूट आहे, पण या शुल्कातून ती सरसकट दिलेली नव्हती. त्यामुळे आज जो मुलगा निघेल त्याला मी एकाच देशावर भिस्त ठेवू नको म्हणेन. जर्मनीने २०१७ मध्ये एक हजार टेन्युअर-ट्रॅक जागांची योजना काढली तेव्हापासून तिथेही हा रस्ता रुळतोय. बंगळुरूची आयआयएससी, पुण्याची आयसर या विज्ञान संस्थांतही अर्जात हीच कागदपत्रं लागतात: संशोधनाचा बेत, शिकवण्याचा बेत, पत्रं. एकदा नीट लिहिलेली दोन पानं सगळीकडे कामाला येतात.

मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चोपड्याला आहे. तुमच्या ज्या विद्यार्थ्याला खरंच अर्ज करायचाय, त्याला दोन पानं लिहून माझ्याकडे पाठवायला सांगा, पहिला खर्डा मराठीत असला तरी चालेल. तुम्ही स्वतः पाठवलीत तर जास्तच आवडेल. फक्त नुकसानीचा परिच्छेद पहिल्या पानावर नको, तो मी खोडणार आहे.